गायनाचा बेणेमळा : कुरुंदवाडचे पं. विष्णु दिगंबर पलुसकर



मागच्या हंगामात एका बेणेमळ्यावर जाण्याचा प्रसंग आला. दहा महिन्यांचा ऊस, भरदार पेर, टपोरा डोळा, काणी किंवा गवताळ वाढीचे नाव नाही. मळा पाहून डोळे निवले. पण मळ्याचे मालक, आपलेच एक जुने सभासद, बांधावरच आडवे आले. म्हणाले, "सायेब, टोळी शेजारच्या फडात आलीया. त्येच्याबरोबर ह्योबी तोडून घालवतो. बेणं काय न् ऊस काय, काट्यावर वजन सारखंच की!"

मी त्यांना परोपरीने समजावले. एका एकराच्या चांगल्या बेण्यातून आठ-दहा एकर लागण होते, आणि तोच ऊस गव्हाणीत टाकला तर एका दिवसाची साखर होते, असा हिशोब मांडला. त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतले. चार दिवसांनी मळा तुटला. त्यांना दोष देत नाही. घरात लग्न होते, पैशाची निकड होती. नड ही कोणाला चुकली आहे?

त्या दिवशी परतताना वाटेत कुरुंदवाड लागले, आणि एकदम आठवण झाली. अरे, याच गावात एक माणूस जन्माला आला होता, ज्याने आयुष्यभर नेमका उलटा हिशोब केला. हाती आलेले सगळ्यांत उत्तम पीक त्याने कधी काट्यावर घातले नाही, ते लावण्यासाठी राखले. त्याचे पीक उसाचे नव्हते, गाण्याचे होते. गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे त्यांचे नाव. नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते, पण त्यांनी नक्की केले काय, हे आपल्याच भागातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

कीर्तनकाराचा मुलगा

विष्णु दिगंबरांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. आज हे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात आहे, त्या वेळी ते छोटे संस्थान होते. मूळ आडनाव गाडगीळ. घराणे पलूसचे म्हणून पलुसकर झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. नृसिंहवाडीचे दत्तस्थान हाकेच्या अंतरावर. तेव्हा अभंग, पद, टाळ-मृदंग हे मुलाच्या कानावर पाळण्यापासूनच पडले असणार.

लहानपणी एका उत्सवात फटाका तोंडाजवळ उडाला आणि मुलाच्या डोळ्यांना मोठी इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेला नेले. दृष्टी अधू झाली, शाळेचे शिक्षण तिथेच थांबले. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. भडभडे यांनी मुलाचा गळा ओळखला आणि त्याला गाणे शिकवावे असे सुचवले. मिरज संस्थानच्या आश्रयाला त्या वेळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. बुवा मोठ्या हिमतीचे. ग्वाल्हेरची गायकी शिकण्यासाठी घरदार सोडून उत्तरेत गेले, हालअपेष्टा सोसल्या आणि ती विद्या त्यांनी महाराष्ट्रात आणली. त्या बुवांच्या हाताखाली विष्णु दिगंबर सुमारे नऊ वर्षे राहिले.

त्या काळी शिकणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून खरे वाटणार नाही. वही नाही, पुस्तक नाही, तास नाही. गुरूच्या घरी पाणी भरायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरूंची लहर लागेल तेव्हा चार स्वर पदरात पडायचे. एका गुरूपाशी शिष्य दोन-चारच. त्यातला एखादाच शेवटपर्यंत टिकायचा. विद्या अस्सल, पण एखाद्याच्या परसातल्या दोन बेटांसारखी. बेट वाळले की वाण संपला.

मान कोणाला, गाण्याला की गवयाला?

मिरजेतली एक हकिकत त्यांच्या चरित्रात नेहमी सांगतात. गावातल्या एका समारंभाला संस्थानच्या मेहेरबानीमुळे विष्णु दिगंबरांना बोलावणे आले, पण त्यांच्या गुरूंना नाही. कारण काय, तर ते गवई! गाणे ऐकायला सगळ्यांना हवे, पण गाणाऱ्याला पंगतीत पाट नाही. ही गोष्ट त्या तरुणाच्या मनाला लागली. गाणे शिकून आपण एकटे मोठे होऊन भागणार नाही, गाण्याच्या सगळ्या धंद्यालाच मान मिळवून दिला पाहिजे, असे त्यांनी ठरवले.

1896 साली त्यांनी मिरज सोडली. संस्थानचा आश्रय, ठरलेले अन्न, सगळे मागे टाकले. बडोदा, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे फिरत ते पंजाबात पोचले. काठेवाडात त्यांनी एक नवी गोष्ट केली. तोवर मोठे गाणे ऐकायचे तर राजवाड्यात नाहीतर देवळात. विष्णु दिगंबरांनी अल्प तिकीट लावून जाहीर मैफल केली. ज्याच्या खिशात थोडे पैसे असतील त्याने यावे आणि ऐकावे. त्या काळच्या गवयांना हे विपरीतच वाटले असेल. पण एका राजाच्या मर्जीवर जगण्यापेक्षा हजार लोकांच्या थोड्या-थोड्या पैशावर उभे राहावे, ही गोष्ट आपण शेअर भरून कारखाना उभा करणाऱ्या माणसांना वेगळी समजावून सांगायला नको.

लाहोरची शाळा

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. कुठे कुरुंदवाड आणि कुठे लाहोर! मुलूख परका, भाषा परकी, ओळखपाळख नाही. पहिले काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही, असे सांगतात. पण शाळा ठरल्या वेळी उघडायची आणि ठरल्या वेळी बंद व्हायची. मधल्या वेळात गुरुजी स्वतःच तंबोरा घेऊन रियाज करीत बसायचे. हळूहळू लोक कुतूहलाने डोकावू लागले, मग मुले येऊ लागली.

ही शाळा कोणा संस्थानिकाची नव्हती. लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि गुरुजींच्या मैफलींचे उत्पन्न यांवर ती चालायची. वर्ग, वेळापत्रक, अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र सगळे रीतसर. बायका-मुलींनाही शिकण्याची सोय होती. भल्या घरच्या बाईने गाणे हे जेव्हा लाजेचे मानत, तेव्हाची ही गोष्ट आहे.

यातली खरी अडचण ध्यानात घ्या. एका शिष्याला समोर बसवून शिकवणे वेगळे आणि वीस मुलांना एकदम शिकवणे वेगळे. आपल्या गावच्या भजनी मंडळात बसलेल्यांना याचा अनुभव असेल. एकाचा आवाज वर, दुसऱ्याचा खाली, टाळ एकीकडे, पखवाज दुसरीकडे. वीस गळे एका सुरात आणि एका लयीत आणायचे तर प्रत्येकाला एकच पट्टी, एकच बोल आणि एकच लिहिलेला पाठ हवा. म्हणून विष्णु दिगंबरांनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धत तयार केली. कोणता स्वर कोमल, कोणता तीव्र, कोणता किती मात्रांचा, हे खुणांनी कागदावर उतरवले. 'संगीत बालप्रकाश'सारखी क्रमिक पुस्तके काढली. छापखाना घातला. 'संगीतामृत प्रवाह' नावाचे मासिक चालवले. पुढे वाद्ये तयार करण्याचा आणि दुरुस्तीचा कारखानाही काढला. जे गाणे गळ्यातून गळ्यात जायचे, ते आता टपालानेही जाऊ लागले.

अनेकांनी मिळून एका सुरात गाणे, ज्याला आज समूहगान किंवा वृंदगान म्हणतात, त्याची शिस्त या वर्गांतूनच तयार झाली. वर्गाची सुरुवात प्रार्थनेने, तीही सगळ्यांनी मिळून. काँग्रेसच्या अधिवेशनांत 'वंदे मातरम्' गाण्यासाठी विष्णु दिगंबरांना बोलावणे असायचे. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात त्यांचा पहाडी आवाज मंडपाच्या टोकापर्यंत पोचायचा, अशी त्यांची ख्याती होती.

उपदेशक वर्ग, म्हणजेच बेणेमळा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शाळेत दोन प्रकारचे विद्यार्थी असत. एक फी भरून हौसेने शिकणारे. ते शिकत, घरी जात. दुसरा होता उपदेशक वर्ग. ही मुले गुरुजींजवळच राहत. त्यांचे जेवणखाण, कपडालत्ता आणि शिक्षण सगळे फुकट. बहुतेक मुले गरीब घरची. पुष्कळशी आपल्याच मिरज-कोल्हापूर भागातली. अट एकच. पुरती नऊ वर्षे राहायचे, शिकायचे, आणि शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवायचे. नुसता गवई तयार करणे हा हेतूच नव्हता. शिक्षक तयार करायचा होता.

शिस्त कडक होती. पहाटे उठणे, व्यायाम, रियाज, नियमाचे वागणे. व्यसन चालायचे नाही. आपण बेण्याला 54 अंशांवर अडीच तास बाष्पप्रक्रिया देतो ती कशासाठी? आतला रोग पुढच्या लागणीत जाऊ नये म्हणून. एकाच्या अंगचा दोष पुढे शंभरांत उतरणार, म्हणून शिक्षक होणाऱ्याला अधिक तावून सुलाखून घ्यायचे, हे तत्त्व तिथेही होते.

खर्चाचा विचार करा. ही मुले मैफली करून संस्थेला भरपूर पैसा मिळवून देऊ शकली असती. गुरुजी स्वतः त्या काळचे मोठे गवई. एकट्यापुरते पाहिले असते तर एखाद्या दरबारात गादीवर बसून आयुष्य सुखात काढता आले असते. पण मैफलीचा पैसा यायचा आणि या मुलांच्या ताटात जायचा.

इमारत गेली

1908 साली मुंबईत महाविद्यालयाची शाखा निघाली आणि पुढे तेच मुख्य ठाणे झाले. व्याप वाढला, तशी गिरगावाजवळ सँडहर्स्ट रोडवर स्वतःची मोठी वास्तू उभी केली. वास्तू दृष्ट लागण्यासारखी, पण कर्जाची. हप्ते फेडण्यासाठी गुरुजी गावोगाव मैफली करीत, रामायणावर प्रवचने करीत. तरी कर्ज काही सरेना. त्यातच त्यांचे मन अधिकाधिक रामभक्तीकडे वळले आणि संस्थेच्या हिशोबावरचे लक्ष कमी झाले. अखेर 1924 साली सावकारांनी जप्ती आणली आणि वास्तूचा लिलाव झाला. तेवीस वर्षांचे कष्ट दगडामातीसकट गेले.

इथे खरे तेच बोलले पाहिजे. हिशोबाच्या बाबतीत विष्णु दिगंबर कमी पडले. उत्पन्नाचा भरवसा नसताना मोठे कर्ज काढून बांधकाम करणे, आणि सगळा डोलारा एका माणसाच्या गळ्यावर उभा ठेवणे, ही सहकारातल्या माणसाला चांगलीच ओळखीची चूक आहे. आणखीही टीका झाली. वर्गात शिकवून तानसेन होत नाहीत, असे जाणकार म्हणत. गाण्यातून शृंगार काढून त्यांनी ते सोवळे केले, आणि ज्या उस्तादांनी व गाणाऱ्या बायकांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली त्यांना नव्या व्यवस्थेत मानाची जागा राहिली नाही, असेही पुढच्या काळात लिहिले गेले. ही टीका अगदीच गैरलागू नाही. मोठ्या माणसाचे काम मोठे म्हणून त्याच्या चुका झाकायचे कारण नाही.

पुढे ते नाशिकला रामनाम आधाराश्रमात राहू लागले. 21 ऑगस्ट 1931 रोजी, जिथे गाणे शिकले त्याच मिरजेत त्यांनी देह ठेवला. वय 59 वर्षे. हाती पैसा नाही, वास्तू नाही. काट्यावरचा हिशोब पाहिला तर खाते शून्य.

लागण मात्र झाली होती

पण बेणेमळ्याचा हिशोब काट्यावर होत नसतो, तो पुढच्या हंगामात होतो. तो आता पाहू.

उपदेशक वर्गातल्या मिरजेच्या विनायकराव पटवर्धनांनी 1932 साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. मिरजेचेच बी. आर. देवधर यांनी मुंबईत 1925 साली संगीताची शाळा काढली. कुमार गंधर्व त्याच शाळेत घडले. कोल्हापूरचे नारायणराव व्यास ग्रामोफोनच्या तबकड्यांतून घराघरांत पोचले. ओंकारनाथ ठाकूर यांच्या हाताखाली 1950 साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे महाविद्यालय उभे राहिले. गुरूंच्या मागे सर्व शिष्यांनी एकत्र येऊन 1931 सालीच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. आज आपल्या कार्यक्षेत्रातली एखादी मुलगी 'प्रारंभिक', 'प्रवेशिका' करीत 'विशारद'ची परीक्षा देते, ती याच मंडळाची. वास्तू एक होती, ती गेली. परीक्षा केंद्रे आज गावोगाव आहेत.

एका शिष्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. महात्मा गांधींना साबरमतीच्या आश्रमासाठी संगीत शिक्षक हवा होता. विष्णु दिगंबरांनी आपला शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवले. पाठवले म्हणजे दिलेच. खरेशास्त्री पुढे जन्मभर आश्रमाचे झाले. आश्रमात वकील, विणकर, भंगी, शेतकरी, लहान पोरे, म्हाताऱ्या अशी सगळी माणसे. त्यांतल्या बहुतेकांना सा आणि रे कळत नव्हते. त्या सर्वांना त्यांनी सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला एका सुरात आणले. निरनिराळ्या प्रांतांतली आणि धर्मांतली पदे निवडून 'आश्रम भजनावली' सिद्ध केली. 1930 साली दांडीयात्रा निघाली, तेव्हा खरेशास्त्री त्या तुकडीत होते. 12 मार्चला साबरमतीहून निघालेली ती माणसे 24 दिवस चालली आणि जाताना भजने व रामधून गात गेली. 'रघुपति राघव' या रामधुनीची जी चाल देशभर रूढ झाली, ती विष्णु दिगंबरांची मानतात. कुरुंदवाडच्या कीर्तनकाराच्या घरातला सूर असा मिठाच्या सत्याग्रहापर्यंत पोचला. 1938 साली हरिपुरा काँग्रेसच्या वेळी खरेशास्त्री तिथेच वारले.

आता खोडव्याचे पाहू. पुण्याच्या विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यांनी तिथे वृंदगानाचे पथकच उभे केले. शास्त्रीय रागांत बांधलेली गाणी पुष्कळ गळ्यांनी मिळून गायची, ही त्याची रीत. 1974 साली विजया मुळे यांनी मुलांसाठी 'एक अनेक और एकता' हा चित्रपट केला. दूरदर्शनवर तो पुष्कळांनी पाहिला असेल. जाळ्यात अडकलेल्या चिमण्या एकदम उडतात आणि जाळेच घेऊन जातात, तोच तो. त्यातले गाणे मौद्गल्य यांचे, आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचे. आपल्या वार्षिक सभेत एकीचे महत्त्व सांगताना आम्ही तासतासभर बोलतो. ते काम त्या पोरांच्या गाण्याने पाच-सात मिनिटांत केले आहे.

बेणे घरी परत आले

शेवटची गोष्ट सांगून थांबतो. विष्णु दिगंबरांच्या घरी बरीच मुले झाली, पण ती लहानपणीच गेली. उरला तो एकटा दत्तात्रेय. वडील वारले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. शिकवणारा बाप गेला, जवळ पैसा नाही. त्या मुलाला मग गाणे कोणी दिले? विनायकराव पटवर्धनांनी आणि नारायणराव व्यासांनी. बापाने ज्या परक्या पोरांना फुकट जेवू घालून शिकवले होते, त्यांनीच बापाची विद्या त्याच्या मुलाच्या पदरात घातली. तेच पुढे पं. द. वि. पलुसकर झाले. 1952 सालच्या 'बैजू बावरा' चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबर जी जुगलबंदी आहे, तीत बैजूसाठी आवाज त्यांचा. 1955 साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी तेही गेले, पण त्यांचा स्वच्छ, गोड आवाज आजही लोक आवडीने ऐकतात.

शेतकऱ्याला यातले मर्म चटकन कळेल. स्वतःच्या रानातले पीक पुराने गेले, रोगाने गेले, तर बेणे कुठून आणायचे? ज्याला आपण कधीकाळी दिले असेल, त्याच्याकडून. विष्णु दिगंबरांनी सगळे स्वतःच्या घरात भरून ठेवले असते, तर 1924 च्या लिलावात तेही गेले असते, आणि दत्तात्रेयाला शिकवायला कोणी उरले नसते.

त्या बेणेमळ्याच्या मालकांना मी यंदा पुन्हा भेटलो. शेजाऱ्याच्या तीन वर्षे चाललेल्या जुन्याच बेण्याची त्यांनी लागण केली होती. उगवण विरळ, मधे मधे नांग्या. त्यांनीच विषय काढला. "सायेब, गेल्या साली तुमचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं." मी म्हटले, "दादा, अजून काय बिघडलंय? कोपऱ्यातली दहा गुंठं द्या, पायाभूत बेणं मी देतो." त्यांनी दहा गुंठे दिले आहेत.

आपणही द्यावेत. प्रत्येक सभासदाने थोडे रान बेण्यासाठी राखावे, दर तीन वर्षांनी बेणे बदलावे, आणि गटातल्या शेजाऱ्याला हात आखडता न घेता द्यावे. आणि घरातल्या एखाद्या पोराला गाण्याची, वाजवण्याची आवड असेल, तर "त्यात काय पोट भरतंय?" म्हणून त्याला गप्प करू नये. पोट भरेल न भरेल, पण कुरुंदवाडसारख्या लहान गावातला एक अधू दृष्टीचा मुलगा काय करून गेला, हे आपण पाहिलेच.



— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते